टेकडीवर आता कोण आहे

“सर, शेवटी कुठला दिवा चालू ठेवायचा? तांबडा की निळा?” वायरमनने टेबलाखालूनच विचारलं. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते, आणि डाव्या पायातला मोजा अंगठ्याशी फाटलेला होता. मास्तर त्या अंगठ्याकडे बघत राहिले. प्रश्न काही अवघड नव्हता. हाच प्रश्न त्यांनी स्वतः आयुष्यभर विचारला होता, फक्त दिव्यांऐवजी शब्दांत: कोण जिंकलं? आणि सगळा वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा, मागच्या बाकावरचे जरा उशिरा आणि जरा जोरात. पण आज उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तोंडात काहीच नव्हतं. अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असतात, आपण आणखी एक आहे असं समजून पाय टाकतो आणि तो फरशीवरच आपटतो, तसं झालं. “सर?” पाय हलले. “थांब जरा,” मास्तर म्हणाले. “थांबलोच आहे. पाठीखाली थंड फरशी आहे, मला काही घाई नाही. पण मॅडमना आज काम संपलेलं पाहिजे.”

संग्रहालयाचा हा लांबट हॉल मास्तरांच्या ओळखीचा होता. नोकरीत असताना दर वर्षी ते मुलांना इथे घेऊन यायचे, आणि निवृत्त झाल्यावर संग्रहालयानेच त्यांना बोलावून घेतलं. लढाईचं जुनं मॉडेल मोडकळीला आलं होतं, नवं करायचं होतं, आणि ती लढाई मास्तरांइतकी कुणाला पाठ नव्हती. गेले काही महिने ते रोज डबा घेऊन इथे यायचे. प्लास्टरची टेकडी त्यांच्यासमोर उभी राहिली, वाळली, रंगली. रंगवलेल्या भुशाचं गवत झालं. तारांना स्पंजचे तुकडे चिकटवून अलीकडे रान झालं, आणि पलीकडे काचेच्या पट्टीची नदी. बटण दाबलं की हॉल काळोखा होणार, ध्वनिफीत बोलू लागणार, नदीच्या बाजूने तांबडे दिवे एकामागून एक टेकडी चढणार, रानाच्या बाजूने निळे. तांबडे म्हणजे आपले. मग मधे सगळी लुकलुक, तोफांचे आवाज, आणि अखेर सगळे दिवे विझून माथ्यावर एकच दिवा राहणार. तो कुठल्या रंगाचा, एवढंच वायरमन विचारत होता. आणि मास्तरांना त्या क्षणी असं वाटलं, की हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारतं आहे. आजवर ते उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारत होते. तो वेगळाच प्रश्न असतो.

काल दुपारपर्यंत त्यांनी ‘तांबडा’ असं सांगून टाकलं असतं. काल सुतार जुनं टेबल फोडायला आला. त्याने आधी टेबलाच्या कडेच्या पितळी पट्ट्या काढून एका बशीत ठेवल्या: नदी, रान, आपले सैन्य, शत्रूसैन्य, माघारीची वाट. मास्तर सवयीने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. शाळेतही बाकांच्या कडेवरून बोट फिरवत वर्गात हिंडायची त्यांना सवय. बोटाला बारीक भोकं लागली. रंगाने बुजलेली, जुन्या स्क्रूंची. नदीच्या पट्टीची भोकं समोरच्या कडेलाही होती. रानाचीही होती. सैन्यांच्या पट्ट्यांचीही होती. म्हणजे सगळ्या पट्ट्या कधीतरी एका कडेवरून उलट्या कडेला नेल्या होत्या. हे कसं झालं असेल ते मास्तरांना लगेच कळलं, कारण हॉलचं दार कधीकाळी पलीकडच्या भिंतीला होतं हे त्यांना माहीत होतं. दार बदललं, आत येणाऱ्या माणसाला टेकडीची पाठ दिसू लागली, म्हणून कुणीतरी टेकडी उचलून फिरवली, नदी तिकडची इकडे आणली, आणि पट्ट्याही मागोमाग हलवल्या. एक सोडून. ‘माघारीची वाट’ या पट्टीला दुसरी भोकं नव्हती. तिचे स्क्रू गंजून बसले होते, निघाले नसतील. किंवा जेवायची सुटी झाली असेल. ती होती तिथेच राहिली, आणि तिच्यासमोर नदीच्या जागी रान आलं. तेव्हापासून जो आला त्याने वाचलं, की रानाच्या बाजूने माघार झाली. म्हणजे शत्रू पळाला. पण ते मॉडेल मुळात केलं होतं लढाईनंतर लगेच, तिथे प्रत्यक्ष असलेल्या आपल्या सैन्यातल्या नकाशेवाल्यांनी. त्यांनी ती पट्टी नदीच्या कडेला ठोकली होती. नदीच्या कडेला आपण होतो.

मास्तरांना राग आला नाही, लाजही वाटली नाही. त्यांना गंमत वाटली, आणि गंमत वाटताना मानेवर गार वारं लागल्यासारखं झालं. एक स्क्रू निघाला नाही म्हणून एक लढाई जिंकली गेली! म्हणजे मग हरलो का? तसंही म्हणता येईना, कारण त्याच वेळी त्यांना दुसरे एक मास्तर आठवले. शत्रूच्या देशातले. शिक्षकांच्या एका संमेलनात जेवायच्या टेबलावर दोघं शेजारी आले होते. लहान मुलांना इतिहास कसा शिकवावा यावर दोघांचं एकदम जमलं. नकाशे जमिनीवर खडूने काढावेत, मुलांना त्यावर उभं करावं, हे त्या गृहस्थांनाही सुचलेलं होतं. बोलता बोलता त्या टेकडीचा विषय निघाला आणि दोघंही एकाच दमात म्हणाले, “ती लढाई आम्ही जिंकली.” मग दोघं इतके हसले, की वाढणारा माणूस थांबून बघायला लागला. हसणं ओसरल्यावर ते गृहस्थ तोंड पुसत म्हणाले होते, “आमचे लोक त्याच रात्री खाली उतरले. काम झालं होतं ना.” मास्तरांनी तेव्हा मनात म्हटलं होतं, बिचारे, झाकून घेताहेत. आता बशीतली ती पट्टी हातात घेऊन उभे असताना त्यांना दिसलं, की ते गृहस्थ काहीच झाकत नव्हते. ते रात्रीत रानाकडून उतरले. आपण रात्रीत नदीकडून उतरलो. दोघांनाही वाटलं असेल, की वर दुसरा आहे. दोघंही पाय न वाजवता उतरले असतील. आणि दिवस उजाडला तेव्हा दोन्हीकडच्या कचेऱ्यांतून विजयाच्या बातम्या निघाल्या.

“सर, मुलांना शेवट लागतो,” मॅडम आज सकाळी म्हणाल्या होत्या. त्या संग्रहालयाच्या प्रमुख, वयाने मास्तरांच्या मुलीएवढ्या. “शेवट नसलेली गोष्ट सांगितली की मुलं घरी जाऊन आईबापांना छळतात.” “छळू देत की,” मास्तर म्हणाले. “तुमचं काय जातंय? आईबाप मला फोन करतात,” मॅडम म्हणाल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “आणि रविवारी बटण ताईंच्या हस्ते दाबायचं आहे. त्यांच्यासमोर तुम्ही काय लावणार आहात, ते तुम्हीच ठरवा.” मॅडम काही वाईट बोलल्या नव्हत्या. तेच तर खरं होतं. ताई, मास्तरांची मोठी बहीण. दाजी त्या टेकडीवरून परत आले नाहीत. मुळात मास्तर त्या लढाईचे जाणकार झाले ते ताईमुळेच.

“वायरमन, आज काही लावू नकोस. मी जाऊन येतो.” “या. तोवर मी दोन्ही होल्डर बसवून ठेवतो. मग तुम्ही सांगाल तो बल्ब घालू. नाहीतर दोन्ही घालू, भांडण मिटलं.” मास्तर हसले. दोन्ही लावले तर कुठला रंग येईल याचा विचार करत ते बाहेरच्या उन्हात आले.

ताईचं घर चालत जाण्याजोगं होतं. चालताना मास्तरांचं लक्ष रस्त्यावर कधीच नसायचं. ते मनातल्या मनात वर्ग घ्यायचे. आज त्यांना वर्गातली ती लढाई आठवली. मुलांचे दोन गट करायचे, टेबल म्हणजे टेकडी, आणि घंटा होईल तेव्हा टेबलावर ज्यांचा माणूस ते जिंकले, असा त्यांचा नियम. शेजारच्या वर्गाच्या बाई तक्रार करायच्या, पण मुलांना सनावळ्या पाठ व्हायच्या, कारण प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पाऊल पुढे टाकता येत नसे. एका वर्षी काय झालं, एका मुलीने दुसऱ्या गटातल्या मुलाचं दप्तर पळवलं, तिच्यामागे तो धावला, त्यांच्यामागे दोन्ही गट व्हरांड्यात गेले, आणि घंटा झाली तेव्हा वर्गात मास्तर एकटे होते. टेबल रिकामं. मुलं धापा टाकत परत आली आणि म्हणाली, “सर, कोण जिंकलं?” “उद्या बघू,” मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुणीच विचारलं नाही. त्यांना वाटलं होतं मुलं विसरली. आता बँकेच्या कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबले असताना त्यांच्या मनात आलं, की विसरली नसतील. कदाचित त्यांना व्हरांड्यातलं धावणंच एवढं आवडलं असेल, की टेबलाचं काय झालं हे विचारायची गरज उरली नसेल. पण मग व्हरांड्यात कुणी पडलं असतं, कुणाचं डोकं फुटलं असतं, तर? तर विचारलं असतं. तर नक्की विचारलं असतं. ज्याचं काही गेलं आहे त्यालाच निकाल हवा असतो. हे वाक्य मनात तयार झालं आणि मास्तरांना ते पटेना. इतकं नेटकं वाक्य वर्गात फळ्यावर लिहायला बरं असतं. सिग्नलचा दिवा बदलला होता, माणसं ओलांडून गेली होती, ते तसेच उभे होते.

दाजींना तर निकाल कधीच नको असायचा. ताईचं लग्न झालं तेव्हा मास्तर हाफ पँटीत होते, आणि दाजी घरी आले की पत्त्यांचा डाव मांडायचे. डाव रंगात यायचा, आणि अगदी अटीतटीच्या वेळी दाजी हातातली पानं उलटी टाकून उठायचे. “चल, तू जिंकलास. बाहेर काय उजेड पडलाय बघ, फिरून येऊ.” मास्तरांना इतका संताप यायचा! ते टाकलेली पानं उलटून बघायचे. बहुतेक वेळा दाजींच्या हातात हुकमाची पानं असायची. “तुम्ही जिंकत होतात!” “असेन,” दाजी म्हणायचे आणि पायात बूट चढवायचे. त्यांना बुटाची नाडी नीट बांधता यायची नाही, मोठी मोठी सुटी फुलं बांधायचे. सैन्यात ती कशी चालवून घेतली कोण जाणे. दाजींचा चेहरा आता मास्तरांना फोटोतलाच आठवतो, पण ती नाडी खरी आठवते. तो माणूस त्या टेकडीवर काय करत असेल? संध्याकाळी वर पोचल्यावर त्यांनी मान वर करून उजेड पाहिला असेल का? आजवर दाजींचा विचार करताना मास्तरांना टेकडी मिळाल्याचा आधार असायचा. एका पारड्यात दाजी, दुसऱ्यात टेकडी. आता दुसरं पारडं रिकामं झालं होतं, आणि आश्चर्य म्हणजे पहिलं खाली जाऊन टेकलं नव्हतं. ते नुसतं हलत होतं. मास्तरांना स्वतःचंच कुतूहल वाटलं. आपल्याला वाईट वाटायला हवं होतं. ते कुठे गेलं?

“पायातलं बाहेर काढ, आत्ताच पुसलंय,” ताई दार उघडताच म्हणाली. आणि मग, “तोंड असं का? परीक्षेचा निकाल लागल्यासारखं?” “रविवारचं जरा बोलायचं होतं.” “काय बोलायचं? कपडे ठरलेत. शेजारीण निळे घाला म्हणत होती, तुम्हाला निळं खुलतं म्हणे. मी म्हटलं, बाई गं, तो शत्रूचा रंग. त्या दिवशी तरी नको.” ताई खुर्चीत ताठ बसली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने उभी हयात ताठ बसून काढली होती. कानावर हेडफोन, समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या. अजूनही ती कुणाशी बोलताना मान किंचित कलती करायची, डावा कान पुढे. “बोल ना, छोट्या. की लाइन तुटली?” 

मास्तरांनी सांगायचं कसं ते वाटेत ठरवलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा कप उपडा घातला. “ही टेकडी.” चमचा एका बाजूला ठेवला. “ही नदी.” दुसऱ्या बाजूला वर्तमानपत्राची घडी. “हे रान.” मग डब्यातून साखर चिमटीत घेऊन दोन्हीकडे थोडी थोडी टाकली. “साखर सांडू नकोस, मुंग्या येतात,” ताई म्हणाली, पण मान पुढे आली होती. मास्तर बोलायला लागले की कुणाचीही मान पुढे यायची, ते त्यांना ठाऊक होतं, आणि आज पहिल्यांदा ते त्यांना नकोसं वाटलं. त्यांनी तिला जुनं दार सांगितलं, फिरवलेली टेकडी सांगितली, न निघालेला स्क्रू सांगितला. परदेशातल्या त्या मास्तरांचं वाक्य सांगितलं. मग बोटाने चमच्याकडची साखर चमच्यापर्यंत मागे ओढली, घडीकडची घडीपर्यंत. “आपले इकडून उतरले. ते तिकडून. त्याच रात्री.” ताई टेबलाकडे बघत राहिली. “आणि कप?” “कप रिकामा.”

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो एकसुरी आवाज येत राहिला. ताई बोलली तेव्हा तिचा आवाज एक्स्चेंजमधला होता, सरळ, चढउतार नसलेला. “या शहरात ती बातमी पहिल्यांदा मी ऐकली आहे. तुला माहीत आहे.” “माहीत आहे.” “पेपरच्या कचेरीने आघाडीवरच्या मुख्यालयाला फोन मागितला, मी जोडून दिला, आणि ऐकायची बंदी असताना ऐकला. या कानाने. ‘टेकडी घेतली.’ माझ्या रांगेतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या आणि सुपरवायझर ओरडली. हे मी खोटं सांगते का?” “नाही गं. तो माणूस तसंच म्हणाला असणार.” “मग तू कुठल्या स्क्रूच्या गोष्टी सांगतोस?” मास्तरांनी चमचा सरळ करून ठेवला. “म्हणजे हे फुकट गेले.” “मी असं म्हटलं नाही, ताई.” “मग कसं म्हणतोस? जन्मभर पोरांना शिकवलंस ना? तसं सांग की मलाही, कळेल असं. मी काय मागच्या बाकावरची आहे?” ती हाताने टेबल पुसत होती, आणि साखरेचे कण तिच्या बोटांना चिकटत होते. मास्तरांना एकदम वाटलं, की आपण यायलाच नको होतं. तांबडा दिवा लावायचा, ती बटण दाबेल, टाळ्या वाजतील, आणखी किती वर्षं उरलीत? खरं काय ते मुलांना हळूहळू, वेगळ्या प्रकारे सांगता येईल. पण त्याच वेळी, लाज वाटावी इतक्या उघडपणे, त्यांना ताईबद्दलही ते कुतूहल वाटत होतं. ज्या माणसाच्या आयुष्यातून एक विजय काढून घेतला, ते माणूस आता पुढचं वाक्य काय बोलेल? इतकी वर्षं ती ही गोष्ट टाळ्यांपाशी संपवायची. नातेवाइकांत ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. लहान मुलंसुद्धा टाळ्यांच्या जागी टाळ्या वाजवायची.

ताईने कप सुलटा केला. आत बघितलं, जणू काही राहिलंय का ते बघावं तसं, आणि पुन्हा उपडा घातला. “त्याच्यापुढे एक वाक्य होतं,” ती म्हणाली. “कशाच्या?” “त्या फोनवरच्या. तू म्हणालास ना कप रिकामा, तेव्हा आठवलं. म्हणजे विसरले होते असं नाही, पण त्याचं कधी काही वाटलं नाही मला. पोरी टाळ्या वाजवत होत्या, मी एका कानाने ऐकत होते. पेपरवाल्याने विचारलं, टेकडीवर आता कोण आहे? तुकडी कुठली, नाव छापायला पाहिजे असेल त्याला. पलीकडचा म्हणाला, विचारून सांगतो.” “मग?” “मग काय? त्याने फोन ठेवला. मी वाट बघत बसले. यांच्या तुकडीचं नाव येईल म्हणून. माझी पाळी संपली, दुसरी मुलगी येऊन उभी राहिली, तरी मी खुर्ची सोडेना. फोन आलाच नाही. मग चार-पाच दिवसांनी तार आली आणि ते तसंच राहिलं.” तिने मान कलती केली. “कुणीच नव्हतं म्हणतोस?” “कुणीच नव्हतं, ताई.”

ताईने उपड्या कपावर बोट टेकवलं. मग तिने अगदी सहज, एखाद्या मुलाची बेरीज दुरुस्त करावी तसं म्हटलं, “कुणीच नाही कसं? हे होते ना.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं ती रडेल, पण ती उठून हात धूत होती. साखर निघता निघत नव्हती. पाण्याचा आवाज येत होता, आणि मास्तरांच्या डोक्यात ती टेकडी पहिल्यांदाच प्लास्टरची राहिली नाही. सकाळ, दोन्हीकडे कुणी नाही, गवत दवाने ओलं, आणि वर माणसं. आपली आणि त्यांचीही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, की खाली उतरायचं ठरलं आहे. आपण इतकी वर्षं मोजत होतो तेव्हा त्यांना कुठल्या बाजूला धरत होतो? किती मेले, हे आकडे आपल्याला पाठ होते. पण सकाळी ते तिथे होते, हे कधी मनात आलंच नव्हतं. इतका साधा प्रश्न. वर्गातल्या एखाद्या तरी मुलाने विचारायला हवा होता. कदाचित विचारला असेल, आणि आपण म्हटलं असेल, पुढे लिही.

“चल,” ताई पदार्थ झाकावा तसा कपावर रुमाल टाकत म्हणाली. “कुठे?” “दाखव मला. रविवारी लोकांसमोर पहिल्यांदा बघायचं आणि तोंड सांभाळत बसायचं, हे मला जमणार नाही.”

बसमध्ये ती एकदाच म्हणाली, “त्यांचेही असतील ना तिथे?” “असणार.” “हं,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. त्या ‘हं’मध्ये काय होतं ते मास्तरांना कळलं नाही. दयाही असेल, हिशेबही असेल. विचारावंसं वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, हिलाच अजून माहीत नसेल.

हॉलमध्ये वायरमन डबा खात बसला होता. ताईला बघून तो उभा राहिला, हात पँटला पुसले. “बाई, अजून शेवट बसवायचा आहे.” “ठाऊक आहे मला. जेवढं झालंय तेवढं लाव.” त्याने पडदे ओढले. ध्वनिफीत अजून जोडलेली नव्हती, त्यामुळे दिवे नुसतेच मुकाट चढायला लागले. आवाज नसल्यामुळे ते वेगळंच दिसत होतं. तांबडे नदीकडून, निळे रानाकडून, थांबत, पुन्हा चढत; मधे सगळी एकच लुकलुक, तिच्यात रंग ओळखता येत नव्हते. पॅनेलमधला टायमर तेवढा बारीक टकटकत होता. ताई खुर्चीत बसली नाही. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून ती ओणवी झाली होती आणि तिच्या चष्म्याच्या काचांतून छोटे छोटे दिवे चढत होते. “आता खाली आण,” मास्तर हळूच म्हणाले. “खाली?” वायरमन म्हणाला, पण त्याने आणले. तांबडे एकेक करत नदीपर्यंत मागे आले आणि विझले. निळे रानापर्यंत गेले आणि विझले. माथ्यावरचे दोन होल्डर रिकामेच होते. टेकडी काळोखात गेली, आणि काळोखात ती होती त्यापेक्षा मोठी वाटायला लागली.

मास्तरांना वर्गातली शांतता ओळखता यायची. कंटाळ्याची वेगळी असते, भीतीची वेगळी, आणि कुणाच्या तरी मनात काहीतरी तयार होत असताना पडते ती अगदी वेगळी. ती मोडायची नसते. तरुणपणी ते ती मोडायचे. आता ते भिंतीला टेकून उभे राहिले. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ फरशीवर पडली होती. वायरमनने घसा खाकरला, मास्तरांनी त्याला हाताने थांबवलं. त्यांना स्वतःलाच आतून उत्तर देण्याची उबळ येत होती, कुठलंही उत्तर, आणि ती त्यांनी गिळली. पुन्हा आली, पुन्हा गिळली. 

“मग कोण जिंकलं रे, छोट्या?” ताईने विचारलं.

तो एक्स्चेंजमधला आवाज नव्हता. हा आवाज मास्तरांनी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. नात्यातल्या सगळ्या पोरांना ही गोष्ट सांगणारी ताई आज पहिल्यांदा तिचा शेवट विचारत होती. त्यांना वाटलं ती आपल्याकडे बघत असेल, पण ती बघत नव्हती. ती तशीच ओणवी होती, चष्मा टेकडीला लागेल इतकी, आणि काळोखात भुशाच्या गवतावर एकेक इंच नजर सरकवत काहीतरी शोधत होती.

“सर,” वायरमन टेबलामागून कुजबुजला, “इथे टायमरला वेळ घालावी लागते. अंधार किती ठेवू? आता बाईंना विचारायला जेवढा वेळ लागला तेवढा?”

“तेवढा ठेव,” मास्तर म्हणाले. “मॅडमना मी सांगतो.” आणि ते ताईशेजारी जाऊन, तिच्यासारखेच, टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकले.